व्हॅक्यूम बनत नाही

माझे व्याही यादोराव मेश्राम यांचा मला पहिल्या भेटीपासून तिटकारा होता. हे आरंभीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी गैरसमज करून घेणार नाही.

पहिली भेट सोयरीक जुळण्याच्या कितीतरी आधीची. मी बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात रीडर होतो. न्यायाधीशांसमोर बसायचे, कागद पुढे करायचे, तारखा द्यायच्या आणि वेळ पाळायची, एवढेच माझे काम. ते करण्यात हयात गेली. एकदा सरकारी कामासाठी नैनपूरला निघालो होतो. छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, तेव्हा चालू होती. सुटण्याची वेळ झाली, टळली, तरी गाडी हलेना. मी उतरून शेवटच्या डब्यापाशी गेलो. तेथे खाकी पँट घातलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा गार्ड फलाटांवरच्या पादचारी पुलाकडे डोळे लावून उभा होता.

"गाडी का सुटत नाही?" मी विचारले.

"व्हॅक्यूम बनून नाही राह्यलं, साहेब."

त्याने समजावून सांगितले. गाडीखालच्या नळीतली हवा ओढली गेल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. ब्रेक न सुटता गाडी काढणे नियमाविरुद्ध आहे. नियमाचे नाव ऐकून मी गप्प बसलो. तेवढ्यात गोंदियाची गाडी समोरच्या फलाटावर लागली. तिच्यातून एक म्हातारा, डोक्यावर पेटी घेतलेला त्याचा मुलगा आणि आठवा-नववा महिना भरलेली सून अशी मंडळी पूल चढून, पूल उतरून, धापा टाकत आली. गार्डाने सुनेला स्वतःच्या डब्यात घेतले, लाकडी बाकावर बसवले, शिटी फुंकली आणि हिरवी झेंडी दाखवली. व्हॅक्यूम तत्क्षणी बनले होते.

परत आल्यावर मी स्टेशनमास्तरांकडे तक्रार केली. ते हसले. "मेश्रामचं व्हॅक्यूम असंच आहे, साहेब," म्हणाले.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. एका कुटुंबासाठी गाडीभर माणसांचा वेळ खर्च करणारा आणि वर खोटे बोलणारा सरकारी नोकर, अशी माझ्या मनाने त्याची नोंद केली. ती नोंद मी नंतरही खोडली नाही.

पुढे माझ्या मुलाने एक मुलगी पसंत केली. दोघेही एकाच बँकेत कामाला होते. मुलीचे नाव वंदना. वडील रेल्वेत गार्ड. मी पाहायला गेलो तर दारात तोच माणूस.

"जय भीम, इवाई. तुमीच तक्रार केलती न माही?" तो आनंदाने म्हणाला. सोयरीक अजून ठरायची होती. त्याने मला व्याही करूनही टाकले होते. "बसा जी. तक्रार खरी होती. चहात साखर किती घालाची?"

कोणी एवढा निर्लज्ज असेल तर त्याच्याशी भांडता येत नाही.

त्यांच्या सवयी मला सोसत नसत. सगळे घरातून निघाले की हे शेवटी निघत. रस्त्याने चालताना दर थोड्या वेळाने मान वळवून मागे पाहत. कारण विचारले तर ठरलेले उत्तर: "डायवर पुढं पाहते, गार्ड मागं पाहते. दोघंही पुढं पाहून राह्यले तर शेवटचा डबा कोण पाहीन?" लग्नात त्रिसरण-पंचशील झाले, पंगती बसल्या. हे ताटावर बसेनात. शेवटचा वाढपी जेवेपर्यंत मुलीचा बाप जेवणार नाही म्हटल्यावर मुलाच्या बापालाही ताटकळावे लागले. भात थंडगार झाला होता. तो मी मुकाट्याने खाल्ला.

त्या घरात 'व्हॅक्यूम' हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडत असे. कोणी आंघोळीला वेळ लावला, कोणाचा पदर नीट बसेना, कोणाला आईचा निरोप घेवेना, की व्हॅक्यूम बनत नाही. पाठवणीच्या वेळी वंदना चपलेचा पट्टा लावीत दारात बराच वेळ वाकून बसली. मी घड्याळाकडे पाहिले. तिने मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि ओठांवर हसू होते.

"मामाजी," ती मला म्हणाली, "बनूनच राह्यलं."

मी हसलो नाही. परंतु ती सून मला आवडली, हे नमूद करतो.

छोटी लाइन बंद झाली. मोठी आली. यादोराव निवृत्त झाले, त्यांची पत्नी वारली. शिटी मात्र शर्टाच्या खिशात राहिली. रोज संध्याकाळी ते स्टेशनच्या बाकावर जाऊन बसत आणि न विचारता लोकांना कोठे गाडी बदलायची ते सांगत. निम्मे लोक ऐकत, निम्मे हातातल्या फोनकडे पाहून पुढे जात. त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. मला वाटे.

मुलाची आणि वंदनाची बदली गुवाहाटीला झाली. तेथे तिच्या हृदयाची झडप बिघडल्याचे निघाले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. जोखीम आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मुलाचा फोन आला. "बाबा, तिला तिच्या बाबांना भेटायचं आहे. आत नेण्याआधी. तुम्ही त्यांना घेऊन या." रेल्वेने वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. माझ्या पत्नीचे गुडघे प्रवासाचे नव्हते. तेव्हा आम्ही दोघे म्हातारे निघणार, असे ठरले. नागपूरहून एक विमान, मध्ये एका मोठ्या विमानतळावर बदल, तेथून दुसरे.

मधल्या त्या बदलाची माहिती मिळवण्यात आम्ही जो वेळ घालवला, तो आठवला की आजही तोंड कडू होते. बसस्टँडजवळच्या ज्या दुकानातून तिकिटे काढली, तेथला मालक पान चघळत म्हणाला, "थ्रू है, अंकल. कुछ करना ही नहीं है." कंपनीच्या क्रमांकावर फोन केला. एक यंत्र माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते पुनःपुन्हा सांगत राहिले आणि मग त्याने तो महत्त्वाचा फोन कापला. माझ्या भाच्याने फोनवर काहीतरी उघडून दाखवले. त्यात विमानतळावर मिळणाऱ्या घड्याळांची आणि अत्तरांची माहिती सविस्तर होती.

यादोरावांची पद्धत निराळी. "ज्याचे पाय तिथं लागले त्याले विचारा," ते म्हणत. लांजीचा एक गृहस्थ आखातात नोकरी करून परतला होता. हे बसने लांजीला गेले, त्याच्या ओट्यावर बसले, त्याच्या घरचे पोहे खाऊन संध्याकाळी परत आले.

"सगळं विचारून आलो, इवाई. काही भेव नाही. उतरलं की लोक जिकडं चालून राह्यले तिकडं चालाचं."

"आणि विमान चुकले तर?"

"काहून चुकन? एका कंपनीचं तिकीट हाय. मागची गाडी उशिरा आली तर पुढची थांबतेच न? त्यायले मालूम राह्यते, सवारी येऊन राह्यली म्हणून." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मालूम असल्यावर कोण सोडून जाते जी?"

बालाघाटच्या फलाटावर सारा जन्म गेलेला माणूसच अशी चूक करू शकतो. मला ती चूक आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी त्यांना पटले नसते.

नागपूरच्या विमानात आमच्या रांगेत तुमसरकडची एक बाई होती. वयस्क, एकटी, नऊवारीतली. मुलगा फौजेत, गुवाहाटीजवळ. त्याने तिकीट पाठवले होते. बोर्डिंग पास तिने पदराच्या गाठीत बांधला होता. तिला वाचता येत नव्हते. यादोरावांनी विमान उडण्याआधीच एवढे काढून घेतले. नाव तेवढे विचारले नाही. "आमच्यासंगंच चाला, बाई. तुमी आमच्या डब्यातल्या," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. हा प्रवास कशासाठी आहे, याची आठवण त्यांना करून देण्याची वेळ येईल असे मला वाटले नव्हते.

त्या मधल्या विमानतळाचे नाव मी लिहीत नाही. सगळे सारखेच असतात. उतरल्यावर लांजीकराच्या सल्ल्याप्रमाणे लोक चालत होते तिकडे आम्ही चाललो, आणि लोक जेथे चालले होते तेथे, म्हणजे बाहेर, रस्त्यावर पोहोचलो. परत आत शिरू देईनात. दुसऱ्या दाराने, दुसऱ्या रांगेने, पुन्हा पट्टे आणि चपला काढून आत आलो. आत एका भिंतीभर लिहिले होते की, वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेत आपले स्वागत आहे. गुवाहाटीचे विमान कोठून सुटते ते लिहिलेले नव्हते. 'माहिती' अशी पाटी असलेल्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती आणि टेबलावर एक पडदा होता.

यादोराव पडद्याला म्हणाले, "का जी, गुवाहाटी कुठून?" मग माझ्याकडे वळून, "रिकाम्या खुर्चीपेक्षा बरा हाय. निदान तोंडाकडं तरी पाहून राह्यला."

'मी आपली काय मदत करू?' असा बिल्ला छातीवर लावलेला एक तरुण जवळून चालला होता. त्याला थांबवले. "ऐप में देख लीजिए, अंकल," असे म्हणून त्याने मदत संपवली. शेवटी झाडू मारणाऱ्या एका बाईने हात करून दिशा दाखवली. वाट अत्तराच्या दुकानातून काढलेली होती. देशाची प्रगती नाकाने हुंगल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, अशी व्यवस्था होती.

पासवर छापलेल्या गेटपाशी पोहोचून आम्ही बसलो. समोर फलक होता: हे शांत विमानतळ आहे, येथे घोषणा केल्या जात नाहीत.

यादोरावांनी तो दोनदा वाचला. "मंग सवारीले कसं समजते?"

"पडद्यावर."

"ज्याले वाचता नाही येत त्याले?"

मी न्यायालयात आयुष्य काढले आहे. तेथे चोरालाही शिपाई दारात उभा राहून नाव घेऊन पुकारतो, एकदा नव्हे, तीनदा. पुकारा झाल्याखेरीज कोणाला गैरहजर लिहीत नाहीत. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला ही मंडळी तेवढाही मान देत नव्हती आणि त्याला शांतता म्हणत होती.

तुमसरची बाई स्वच्छतागृहाकडे गेली. ती गेल्यावर पडद्यावरचा आकडा बदलला. गेट दुसरे, पार दुसऱ्या टोकाला. आमच्या आजूबाजूचे लोक एकही शब्द न बोलता उठले आणि निघून गेले. मी पिशवी उचलली.

"चला. गेट बदलले."

"बाई येऊ द्या न."

"ती येईल."

"कुठं येईन? इथं येईन. इथं कोणीच नसन." ते उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि फलाटावर देत तशी हाक दिली. "गुवाहाटीऽऽ! गुवाहाटीवाल्या बाईऽऽ!" ती हाक त्या काचेच्या इमारतीत टोकापर्यंत गेली. शेकडो माणसांनी माना वर केल्या. बाई काही आली नाही. एक शिपाई आला आणि आवाज करू नका म्हणाला.

"मंग तुमी करा," यादोराव त्याला म्हणाले. "आमी गप बसतो."

मी त्यांचा दंड धरला. "मेश्राम, वंदनाला उद्या सकाळी आत नेणार आहेत. तुम्हांला बघायचे म्हणून तिने बोलावले आहे. तिचा विचार करा."

त्यांचा चेहरा उतरला. "तिचाच करून राह्यलो, इवाई. बाईले टाकून आलो, असं पोरीले सांगू का?" मग हलक्या आवाजात, "तुमी हो पुढं. दारात उभे राहा. सांगा त्यायले, दोन सवाऱ्या येऊन राह्यल्या म्हणून. दोन मिनिटं थांबन गाडी. ब्रेक नाही सुटून राह्यला म्हणा न. काहीही सांगा."

मी निघालो. वळून पाहिले तेव्हा ते स्वच्छतागृहाच्या दिशेने धावत होते.

दुसऱ्या गेटवर मी सर्वांत शेवटचा होतो. तेथल्या मुलीला सांगितले, दोन प्रवासी येत आहेत, याच इमारतीत आहेत.

"सर, सिस्टम बंद कर रहा है."

"आपने उन्हें पुकारा?"

"सर, यह साइलेंट एयरपोर्ट है." ती हसली. शिकवलेले हसू होते. "आप जा रहे हैं या नहीं?"

मी गेलो. कोणा एकाने तरी वंदनापाशी पोहोचणे आवश्यक होते. त्या निर्णयात चूक नव्हती, हे मी तेव्हा मानले आणि आजही मानतो.

विमानापर्यंत नेणारी बस खाली उभी होती. ती हलली तेव्हा वरच्या काचेमागे यादोराव दिसले. एका हाताने त्यांनी बाईचे मनगट घट्ट धरले होते. बस चालू लागल्याचे पाहून त्यांनी ते सोडले आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर उभे केले. झेंडी जवळ नसेल तेव्हा गार्ड असेच हात करतो. गाडी थांबवा, असा त्याचा अर्थ. बसच्या चालकाने एकदा वर पाहिले. त्याला तो अर्थ कोणी शिकवला नसावा.

यापुढचे जे आहे त्याचीच मला सर्वाधिक किळस येते. मी विमानात बसलो, दार लागले, आणि विमान उभेच राहिले. बराच वेळ उभे राहिले. मी विचारले तेव्हा हवाई सुंदरीने कारण सांगितले. दोन प्रवासी चढले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांच्या पेट्या पोटातून शोधून खाली उतरवाव्या लागतात. पेट्या सापडेपर्यंत विमान थांबणार. तेवढ्या वेळात ते दोघे काचेपासून विमानापर्यंत चालत येऊन, पाणी पिऊन, आपापल्या जागी बसले असते. सामानासाठी थांबता येत होते. माणसासाठी सिस्टम बंद झाली होती.

सकाळी रुग्णालयात वंदनाला हिरव्या चादरीखाली चाकांच्या खाटेवर आणले. तिने माझ्या पाठीमागे पाहिले. मागे कोणी नव्हते.

"मामाजी, बाबा?"

मी तिला घडले तेवढे सांगितले. वाढवले नाही, लपवले नाही. तिने ऐकून घेतले. मग तिच्या ओठांवर तेच हसू आले, पाठवणीच्या वेळचे.

"व्हॅक्यूम बनलं नसंन," ती म्हणाली.

खाट आत गेली. दुपारी डॉक्टर बाहेर आले. माझा मुलगा उठला आणि पुन्हा खाली बसला. त्या दुपारविषयी मी याहून अधिक लिहिणार नाही.

यादोराव संध्याकाळी पोहोचले. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठले, कारण हे सांगण्याचे काम दुसऱ्या कोणावर टाकण्यासारखे नव्हते. त्यांनी रडारड केली नाही. ते पायरीवर बसले. मी तिचे शेवटचे वाक्य त्यांना जसेच्या तसे सांगितले. ते खालीच पाहत होते.

"हसून म्हणाली का?"

"हो," मी म्हणालो.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे मी बऱ्याच दिवसांनी विचारले. "तिचा पोरगा आलता घ्याले. देऊन टाकली त्याच्या हाती." नाव काय होते तिचे? "नाही विचारलं." पश्चात्ताप झाल्याचे ते कधी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही. परंतु विमानाच्या पोटातून पेट्या शोधणारी ती माणसे आठवली की या रागाला बसायला जागा उरत नाही.

त्यानंतर माझी भेट झाली की, रस्त्यात असो वा बाजारात, इकडचे तिकडचे बोलून ते अखेर तेथेच येत. "इवाई, हसून म्हणाली होती न?" मी दर वेळी हो म्हणे. न्यायालयात साक्षीदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारू देत नाहीत. येथे हरकत घेणारा कोणी नव्हता.

मी पत्नीसह मुलाकडे राहायला निघालो तेव्हा ते स्टेशनवर पोहोचवायला आले. त्यांची ही शेवटची भेट. पुढे काही महिन्यांनी ते गेल्याचे फोनवर कळले. त्या दिवशी आमच्या पेट्या त्यांनी स्वतः चढवल्या, पत्नीला खिडकीजवळ बसवले. मग खाली उतरून माझ्या खिडकीपाशी उभे राहिले. फार वाळले होते. खिशातल्या शिटीची दोरी तेवढी नवी होती. सिग्नल पडला. त्यांनी सवयीने मान वळवून पुलाकडे पाहिले. पुलावर कोणी नव्हते. मग माझ्याकडे पाहिले.

"इवाई, हसूनच न?"

मी जन्मभर न्यायालयात हिंदी आणि घरात पुस्तकी मराठी बोलत आलो. त्यांची भाषा माझ्या तोंडी कधी आली नव्हती.

"हौ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दोन पावले मागे सरले आणि उजवा हात आडवा करून सावकाश हलवला. सर्व ठीक आहे, गाडी जाऊ द्या, असा त्याचा अर्थ.

गाडी अगदी वेळेवर सुटली.